गल्लीतले सुलेखन मंडळ कसे चालवावे

सुलेखनाचे गट बहुधा दोन कारणांनी विरतात. जो तो आपले पेन, आपला कागद आणि आपल्या आवडीची ओळ घेऊन बसतो, त्यामुळे शेजाऱ्याचे पान पाहून आपले काय चुकते ते कळत नाही. आणि बैठकीच्या शेवटी प्रत्येक पानाला 'छान' एवढीच दाद मिळते. दोन्ही दुखणी टाळता येतात. सगळ्यांच्या हातात एकाच मापाचा बोरू (वेळूची किंवा बरूची लेखणी), सगळ्यांसमोर एकच शब्द आणि शेवटी सगळी पाने एका भिंतीवर, एवढे पाळले तरी पुष्कळ झाले. 'कमळ' या शब्दाचे दहा अवतार शेजारीशेजारी लागले की पुढच्या वेळी काय करायचे हे वेगळे ठरवावे लागत नाही.

इथे दिलेली पद्धत देवनागरीसाठी, त्यातही मराठी वळणाच्या अक्षरांसाठी आहे.

बसायची सोय

आठ ते बारा माणसे पुरेत. बारावर गेलात तर पाने बघायला वेळ उरत नाही, सहाच्या खाली गेलात तर भिंत रिकामी दिसते. बैठक पंधरा दिवसांनी एकदा, अडीच तासांची. महिन्याने भेटलात तर प्रत्येक वेळी पहिला तास हात मोकळा करण्यातच जातो.

जागा शाळेचा वर्ग, वाचनालयाची खोली किंवा सोसायटीचे सभागृह, कोणतीही चालेल. दोन गोष्टी मात्र बघून घ्या. जवळ नळ हवा, कारण शाई धुवायला बादली पुरत नाही. आणि डोक्यावरचा पंखा हळू फिरणारा हवा. जोरात फिरणाऱ्या पंख्याने कागद उडतात ते दिसते, पण बोरूच्या टोकावरची शाई ओळीच्या मध्येच सुकते ते पटकन लक्षात येत नाही, आणि लोक शाईला दोष देतात. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा. शाळेचे बाक अरुंद असतात, म्हणून ४० बाय ५० सेंटिमीटरच्या प्लायच्या फळ्या करून घ्या आणि मागच्या कडेखाली १० ते १२ सेंटिमीटर उंचीचे टेकण लावा. फळीला साधारण १५ अंशांचा उतार मिळाला की मान वाकत नाही. उतार याहून फार वाढवला तर पातळ शाई ओघळते.

कामे तिघांत वाटा: शाई-कागदाचा साठा एकाकडे, शब्द निवडणे एकाकडे, घड्याळ एकाकडे. दर तीन महिन्यांनी माणसे बदला. शब्द निवडणारा बदलला नाही तर गट एकाच माणसाच्या आवडीचा होऊन बसतो.

बोरू एकत्र बसून कापा

तयार बोरू मिळतात, पण पहिली बैठक बोरू कापण्यासाठीच ठेवा. काप स्वतः केला नसेल तर तो बिघडल्यावर दुरुस्त करता येत नाही, आणि काप तर आठवड्याभरात बिघडतोच. वेळूच्या किंवा बरूच्या पेन्सिलीएवढ्या जाड, पोकळ, वाळलेल्या काड्या घ्या. लांबी १८ ते २० सेंटिमीटर, आणि पुढच्या सहा सेंटिमीटरमध्ये पेर नको. काडी फार कोरडी असेल तर दोन-तीन तास पाण्यात टाका, नाहीतर कापताना चिरफाळते.

१. काडीच्या टोकापासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर कटर टेकवा आणि टोकाकडे उतरता काप घ्या. एकाच दणक्यात घेऊ नका. तीन-चार पातळ साली काढत जा, निम्मी जाडी उरली की थांबा.

२. आतला मऊ गर खरवडून टाका. हा गर शाई शोषून फुगतो आणि मग कड बोथट होते. नवशिक्यांचा बोरू 'जाड उठतो' तो बहुतेक वेळा याच कारणाने.

३. दोन्ही बाजू थोड्या निमुळत्या करून टोकाची रुंदी ५ मिलिमीटरवर आणा. सगळ्यांची रुंदी पट्टीने मोजा, अंदाज नको. मंडळाचा सगळा सराव या एका मापावर उभा आहे.

४. टोकाच्या मधोमध सव्वा ते दीड सेंटिमीटर लांब चीर पाडा. कटरचे पाते टोकावर ठेवून हलके दाबा आणि चीर पुढे सरकली की लगेच थांबा. चीर लांबली तर तिच्या मुळाशी दोरा घट्ट गुंडाळा. चीर एका बाजूला गेली तर टोक कापून पुन्हा सुरुवात करा, तसाच बोरू वापरू नका, कारण शाई एकाच कडेला उतरते.

५. शेवटचा तिरका काप काचेवर किंवा कडक फळीवर, एकाच दाबात. बोरूचे टोक आपल्यापासून पलीकडे रोखून, सोललेली बाजू खाली ठेवून वरून पाहिले तर डावा कोपरा पुढे आणि उजवा मागे, असा साधारण ४५ अंशांचा उतार यायला हवा. मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर दोन-तीन वेळा हलके ओढा.

कड सरळ आहे का ते बघायला बोरू काचेवर टेकवून उजेडासमोर धरा. मधून उजेड दिसला तर तिथे शाई लागणार नाही आणि रेघेत पांढरी वाट उमटेल. शाई जास्त वेळ टिकावी म्हणून काहीजण पोकळीत प्लॅस्टिकच्या पिशवीची अरुंद घडी किंवा सुती दोऱ्याचा बोळा बसवतात. दोरा बरा, फक्त दर वेळी बदलावा लागतो.

लहान मुले असतील तर कटर त्यांच्या हाती देऊ नका. आइस्क्रीमच्या चपट्या काडीचे टोक तिरके कापून दिले तरी त्यांचे काम भागते.

कोन तपासायची फुली

दर बैठकीत पहिल्या मिनिटाला सगळ्यांनी कागदावर एक अधिकचे चिन्ह आणि एक फुली काढायची. अधिकच्या आडव्या-उभ्या रेघा सारख्याच जाड आल्या तर कोन ४५ अंशांचा आहे. फुलीत उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ पूर्ण जाड आणि डावीकडून उजवीकडे उतरणारी केसासारखी बारीक यायला हवी. उलटे झाले तर हात रोमन अक्षरांच्या कोनात आहे. देवनागरीचे वजन रोमनच्या उलट्या बाजूला पडते. म्हणून 'र'चा उजवीकडे जाणारा पाय बारीक निघतो, 'व'च्या पोटाला वरच्या डाव्या वळणावर जाडी येते आणि कान्याचे खालचे टोक उजवीकडे उतरते. इंग्रजी सुलेखन शिकून आलेल्यांची अक्षरे सुबक असूनही परकी दिसतात त्याचे मूळ इथे आहे.

दुकानात मिळणारी सरळ कापाची निब उजव्या हाताने नेहमीसारखी धरली तर रोमनचाच कोन देते. परदेशातल्या मराठी मंडळांना बोरूच्या काड्या मिळत नाहीत, त्यांनी पायलट पॅरललसारखे सपाट निबचे पेन घ्यावे. त्यात ३.८ आणि ६ मिलिमीटर ही मापे सरावाला योग्य. मात्र दोन बदल करावे लागतात. पेनची दांडी खांद्याकडे न झुकवता सरळ छातीकडे रोखायची, आणि कागद डावीकडे अर्धा काटकोन फिरवायचा, म्हणजे ओळी उजवीकडे वर चढत जातील. आठवडाभर अवघड वाटते. डावखुऱ्यांची मात्र इथे चैन आहे: ओळीखाली हात ठेवून लिहिणाऱ्या डावखुऱ्याच्या हातात साधी सरळ निबसुद्धा देवनागरीच्या कोनात बसते. इंग्रजी सुलेखनात अडखळणाऱ्या डावखुऱ्यांना हे आवर्जून सांगा.

कोन समजावून देण्यासाठी दोन पेन्सिली रबराने शेजारीशेजारी बांधा. डाव्या पेन्सिलीचे टोक किंचित वर ठेवून 'व' काढला की दोन रेघांमधले अंतर कुठे वाढते आणि कुठे मिटते ते नव्या माणसालाही दिसते. फळ्यावर समजावत बसण्यापेक्षा हे लवकर कळते.

शाई आणि कागद

सरावाला काळा पोस्टर कलर पाण्यात कालवून वापरा. रेघ ओढल्यावर कागद खालून दिसला तर पातळ, बोरू दोन अक्षरांतच अडला तर घट्ट. जलरोधक ड्रॉइंग इंक पक्की असते, पण त्यातली लाख बोरूच्या चिरेत सुकते. ती वापरली तर दर पंधरा मिनिटांनी टोक पाण्यात बुडवून पुसावे लागते.

घरची शाई करायची तर वजनाने काजळी एक भाग, बाभळीचा डिंक एक भाग आणि पाणी आठ ते दहा भाग. डिंक रात्रभर भिजवून गाळून घ्या. काजळी पाण्यावर तरंगते, मिसळत नाही, म्हणून आधी तिच्यावर स्पिरिटचे थेंब टाकून ती ओली करा आणि मग डिंकाच्या पाण्यात खलात अर्धा तास घोटा. बुरशी येऊ नये म्हणून दोन-तीन लवंगा टाका. सुकल्यावर बोटाला काळे लागले तर डिंक कमी पडला. अक्षर चकाकून तडकले तर डिंक जास्त झाला. सामुदायिक कामासाठी एकाच दिवशी एकाच बाटलीत शाई करा, दोन बाटल्यांचे काळे कधी जुळत नाही.

कागद सरावाला १०० जीएसएमचा बाँड, नीट कामाला कार्ट्रिज, म्हणजे चित्रकलेचा जाड कागद. हातकागदाचा मोह सगळ्यांना होतो. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासूनची हातकागद संस्था आहे, तिथले कागद हाताळून पाहण्यासारखे असतात. पण खळ नसलेला हातकागद शाई पसरवतो. म्हणून आधी कोपऱ्यात एक रेघ ओढून बघा. रेघेला केसर फुटले तर कपभर पाण्यात चमचाभर मैदा शिजवून पातळ खळ करा, रुंद ब्रशने एक हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि मग मोठ्या कवडीने किंवा काचेच्या बाटलीच्या बुडाने घोटा. जुन्या पोथ्यांचा कागद असाच घोटीव असे.

पहिल्या सहा बैठकांचा सराव

आखणी बोरूच्या रुंदीने करा. शिरोरेषेपासून तळापर्यंत अक्षर पाच रुंद्यांचे, वर वेलांटी-मात्रांना अडीच, खाली उकारांना अडीच आणि मध्ये एक रुंदी मोकळी. म्हणजे एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत अकरा रुंद्या. ५ मिलिमीटरच्या बोरूला हे ५५ मिलिमीटर होते. ही आखणी एकदा करून झेरॉक्स काढून ठेवा आणि पातळ कागदाखाली सरकवा. दर वेळी आखत बसलात तर अर्धा तास पट्टीतच जातो.

वर्णमालेच्या क्रमाने जाऊ नका. 'क ख ग' असे शिकवले तर तीन अक्षरांत तीन वेगळी वळणे येतात. घराणी करा. बोरू कापण्याची बैठक सोडून पहिल्या बैठकीत नुसता काना, शिरोरेषा आणि 'व', कारण 'व'चे पोट साधले की 'ब' आणि 'क' त्यातूनच निघतात. दुसऱ्या बैठकीत 'प, ष, फ'. तिसऱ्यात 'न, त, ग, म, भ'. चौथ्यात 'ट, ठ, ढ, द'. पाचव्यात 'र, स, ख' आणि गाठी. सहाव्यात 'ल, ळ, श, इ, ह, झ'. ही शेवटची अक्षरे सोपी नाहीत. त्यांना घाई केली तर पुढे वर्षभर तीच अडतात.

शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर ओढा आणि आधी अर्धा मिनिट थांबा, नाहीतर ओल्या कान्यांतून बोरू शाई ओढत नेतो. 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावर मात्र ती तोडायची. बेफिकिरीने जोडली की 'धन'चा 'घन' होतो आणि 'भार'चा 'मार'. प्रदर्शनात अशी एक चूक निघाली तर बाकीची अठरा पाने कोणी बघत नाही.

मराठी वळणाचे आणखी काही मुद्दे असे. 'ल' पाकळ्यांचा आणि 'श' देठाचा लिहा. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात हीच रूपे आहेत. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरक डोळ्यांना लगेच दिसला पाहिजे: पहिल्यात अर्ध्या 'र'ची चंद्रकोर शिरोरेषेखाली येते, दुसऱ्यात रफार डोक्यावर बसतो. अनेकांचा हात चंद्रकोर फार लहान काढतो. तिला निदान दीड रुंदी जागा द्या. पहिली वेलांटी काढताना तिचे शेवटचे टोक तिच्या अक्षराच्या कान्यापर्यंत पोहोचते का ते बघा. छापील अक्षरांत वेलांटीची रुंदी बऱ्याचदा ठरीव असते, हाताला तसे बंधन नाही. 'स्त्रि'वरची वेलांटी 'कि'वरच्या वेलांटीएवढीच काढणे म्हणजे हाताने लिहिण्याचा फायदा घालवणे.

भिंत

शेवटची चाळीस मिनिटे पाने बघायची. पाने निनावी, दोरीवर चिमट्यांनी, सगळी एका उंचीवर. आधी तीन मीटर लांब उभे राहून डोळे किलकिले करून बघा. या अंतरावर अक्षर दिसत नाही, काळ्या-पांढऱ्याची वाटणी दिसते. मग सगळी पाने डोके खाली करून उलटी लावा. शब्द वाचता येईनासा झाला की अंतरातल्या चुका उघड्या पडतात. 'व'च्या पोटातली पांढरी जागा आणि दोन अक्षरांमधली पांढरी जागा सारखी वाटली पाहिजे. 'ट' आणि 'र' शेजारी आले की तिथे खड्डा पडतो, आणि दोन काने लागून आले की गर्दी होते. सगळ्यांच्या पानांवर साधारण त्याच जागी खड्डा दिसला तर पुढच्या बैठकीचा शब्द ठरला.

'छान' हा शब्द या चाळीस मिनिटांत बंद. प्रत्येकाने प्रत्येक पानाखाली एक चिठ्ठी लावायची आणि चिठ्ठीवर जागा नेमकी सांगायची: 'दुसऱ्या कान्याचे टोक', 'ळ ची उजवी गाठ'. लिहिणाऱ्याने आधी आपल्याला काय साधायचे होते ते एका वाक्यात सांगितले तर टीका भरकटत नाही. ज्येष्ठ माणसाने सगळ्यात शेवटी बोलावे. ते आधी बोलले तर बाकीचे मान डोलावण्यापलीकडे काही करत नाहीत.

अक्षरवही आणि भटकंती

मंडळाची एक जाड वही ठेवा, ती हातोहात फिरू द्या. प्रत्येकाकडे चार दिवस. डाव्या पानावर मिळालेला नमुना चिकटवायचा, उजव्या पानावर त्यातले एकच अक्षर स्वतःच्या हाताने उतरवायचे आणि खाली तीन गोष्टी लिहायच्या: कुठे मिळाला, अंदाजे कधीचा, कोणत्या साधनाने केलेला. ब्रशने रंगवलेली दुकानाची पाटी, छिन्नीने कोरलेला देवळाच्या पायरीवरचा दात्याचा उल्लेख, जुन्या पंचांगातले छपाईच्या खिळ्यांचे अक्षर, लग्नपत्रिकेवरचे ठशाचे अक्षर, सगळे चालते. नमुना चिकटवणे सोपे असते. हाताने उतरवल्याशिवाय वही पुढे द्यायची नाही, नाहीतर महिनाभरात तिचा कात्रणांचा संग्रह होतो.

वहीसाठी काही दिशा. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांसाठी केलेली शीर्षके पाहा आणि त्यातल्या अक्षराच्या कोणत्या अवयवाला ताण देऊन नाटकाचा स्वभाव आणला आहे ते शोधा. मग 'भांडण' किंवा 'दुपार' असा साधा शब्द घेऊन फक्त एकच अवयव बदलून भाव आणायचा प्रयत्न करा. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी विंडोजसाठी केलेला मंगल फाँट अनेक संगणकांवर मिळतो. मंगलमध्ये छापलेला शब्द मोठा करून शेजारी तोच शब्द बोरूने लिहा. पडद्यासाठी कुठे साधेपणा स्वीकारला आहे ते अक्षर-अक्षर करत बघता येते. नक्कल अभ्यासापुरती ठीक. प्रदर्शनात लावायची तर मूळ कोणाचे ते खाली लिहा.

वर्षातून एकदा शिलालेख बघायला जा. अलिबागजवळचा अक्षीचा मराठी शिलालेख, कार्ले लेण्यातले किंवा नाणेघाटातले ब्राह्मी लेख, जे जवळ असेल ते. कोरीव अक्षर भर दुपारी सपाट दिसते. सकाळी लवकर जा, किंवा विजेरीचा उजेड दगडाला जवळजवळ समांतर टाका, म्हणजे खोबणीत सावली पडते आणि अक्षर उठून येते. खडू फासणे, पाणी मारणे, कागद ठेवून ठसा घेणे यातले काहीही करू नका. संरक्षित स्मारकावर तो गुन्हा आहे आणि दगडही खराब होतो. फोटो घ्या, शेजारी माप म्हणून पट्टी धरा.

मोडीसाठी स्वतंत्र बैठक ठेवा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात (स्थापना १९१०) मोडी कागदांचा मोठा साठा आहे, आणि छापील मोडी वाचनपुस्तकेही मिळतात. मोडीत शिरोरेषा आधी, पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि अक्षरे मग तिला लटकवत जायची. लेखणी शक्य तितकी न उचलता. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ५ मिलिमीटरचा बोरू इथे बाद, २ मिलिमीटरचा घ्या. देवनागरीचा सराव झालेली माणसे मोडी फार सांभाळून लिहितात आणि ती गोठते. ओळीला तीन मिनिटे एवढीच मुदत द्या. हात धावला की ती वळणे मुळात अशी का झाली ते समजते.

एकत्र लिहिलेला अभंग

वर्षाचे मोठे काम म्हणून एक अभंग सगळ्यांनी मिळून एका पानावर लिहा. मोठ्या अभंगाच्या कडव्यात चार चरण असतात, अक्षरे सहा, सहा, सहा आणि चार. ही रचना सुलेखनासाठी फार सोयीची आहे. दोन-दोन चरणांची ओळ केली की पहिली ओळ बारा अक्षरांची आणि दुसरी दहाची होते, आणि उजवीकडे दर दुसऱ्या ओळीत आपोआप मोकळी जागा मिळते. ती भरून काढायला वेलबुट्टी नको.

पाच कडव्यांचा अभंग म्हणजे दहा ओळी. ५ मिलिमीटरच्या बोरूने दहा ओळींना ५५ सेंटिमीटर उंची लागते आणि बारा अक्षरांच्या ओळीला साधारण ३५ सेंटिमीटर. ५६ बाय ७६ सेंटिमीटरच्या जाड कागदावर हे चारी बाजूंना दहा सेंटिमीटर समास ठेवून बसते. कामाला चार बैठका धरा.

पहिल्या बैठकीत अभंग मोठ्याने म्हणून चरण कुठे तुटतात ते ठरवा. अवग्रह (ऽ), अनुस्वार, जुनी रूपे यांची एक शुद्ध प्रत दोघांनी तपासून सही करून भिंतीला लावा. शुद्धलेखनावरचा वाद इथेच संपवायचा. दुसरीत प्रत्येकाने आपली ओळ पातळ कागदावर निदान पाच वेळा लिहायची. तिसरीत सगळ्यांचे सर्वोत्तम कागद खरोखरच्या पानाच्या आखणीवर ठेवून पाहायचे. इथे दिसते की एकाची अक्षरे आखूड आहेत आणि दुसऱ्याची ऐसपैस. जुळवणी मधल्या माणसाच्या रुंदीला करा, सगळ्यात सुंदर लिहिणाऱ्याच्या रुंदीला नाही, ती इतरांना झेपत नाही.

चौथ्या बैठकीत खरे पान. एका वेळी एकच माणूस लिहितो, ओळीला दहा मिनिटे. पहिली आणि शेवटची ओळ स्थिर हाताच्या माणसांना द्या, बाकी चिठ्ठ्या टाकून. एकाच काडीतून कापलेले दोन बोरू ठेवा आणि तीन ओळींनंतर कड ताजी करा, नाहीतर सहाव्या ओळीपासून अक्षर जाड होत गेलेले दिसते. लिहिणाऱ्याच्या हाताखाली कोरा कागद हवाच, घामाचा डाग लागलेल्या जागी शाई धरत नाही. सगळ्या ओळी सुकल्यावर शिरोरेषा एकाच माणसाने ओढायच्या. दहा हातांचे पान एकसंध वाटते ते मुख्यतः यामुळे.

चूक झाली तर लगेच पुसू नका. एक दिवस वाळू द्या, मग नव्या पात्याने सपाट धरून खरवडा, बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि चमच्याच्या पाठीने घोटा. त्या जागी पुन्हा लिहिताना शाई नेहमीपेक्षा घट्ट हवी, कारण खरवडलेला कागद शोषतो.

याच्या जोडीला पोस्टकार्डांची अदलाबदल सोपी आणि वर्षभर चालणारी. नावांच्या चिठ्ठ्या काढायच्या, ज्याचे नाव निघेल त्याला त्या महिन्याच्या शब्दाचे कार्ड टपालाने पाठवायचे. पावसाळ्यात जलरोधक शाईच वापरा.

प्रदर्शन

२७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन सोयीचा. वाचनालये त्या सुमारास स्वतःहून जागा देतात, मात्र विचारणा डिसेंबरातच करा. पानांचा मध्य जमिनीपासून दीड मीटरवर. दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी पानाला थेट लावू नका, काढताना कागद सोलून निघतो. मागे पुठ्ठा आणि वर चिमटा पुरतो. एका भिंतीवर एकच शब्द सगळ्यांच्या हातचा लावा. लोक तिथे सगळ्यात जास्त वेळ थांबतात.

नाव लिहून देण्याचे टेबल ठेवलेत तर रांग लागते, म्हणून ७ बाय २० सेंटिमीटरच्या पट्ट्या आधीच कापून ठेवा, तिरक्या टोकाचे मार्कर वापरा आणि दोन माणसे बसवा. नाव कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मागा. ऐकून लिहिले की 'ज्योत्स्ना' आणि 'हृषीकेश' हमखास चुकतात. प्रदर्शनानंतर पाने गुंडाळी करून ठेवू नका, काळा थर तडकतो. सपाट, मध्ये बटर पेपर घालून, जमिनीपासून वर ठेवा, आणि जूनच्या आधी एकदा उघडून ओल तपासा.